साखराबाईच्या टीव्हीचं कुलूप

धारूरच्या बाजारात सध्या कुणाचा मोबाईल अडकला, कुणाची पाण्याची मोटर रुसली, की हमखास कुणीतरी म्हणतं, "साखराबाईला बोलवा. येताना काठी आणा म्हणावं." त्यामागची आवई अशी, की डोंगराकडच्या वस्तीवरच्या साखराबाईनं शेळ्या हाकायच्या काठीनं टीव्हीला बडवलं आणि त्या मारासरशी बंद टीव्ही चालू झाला. भाजीवाल्याच्या तोंडी एक फटका आहे, चहावाल्याच्या तोंडी तीन. केस कापायच्या दुकानात तर टीव्ही "चालतो, चालतो, मारू नका" असं म्हणाल्याचंही सांगतात.

हे खोटं आहे. काठी उगारली, एवढं खरं. पण ती टीव्हीवर नाही, लखनवर. हे लिहिणारा तोच लखन, त्यामुळं या हकिकतीत त्याचं कौतुक आढळणार नाही. तसं करण्याजोगं त्यानं त्या दिवशी काही केलंही नाही.

दिवाळी सरली की ही वस्ती निम्मी रिकामी होते. धडधाकट जोडपी ऊसतोडीला जातात, मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेळ्या. साखराबाईनंही अर्धं आयुष्य उसाच्या फडात काढलं. मग गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मुलगा रामहरी आणि सुनेनं कोयता उचलला, आणि साखराबाई नातवंडांना व शेळ्यांना घेऊन घरी राहिली. तिचा आवाज असा, की तिनं ओट्यावरून हाक मारली तर समोरच्या डोंगरावरची शेळी खायची थांबते. आणि नजर त्याहून अजब. त्याच डोंगरावर कुठलं जनावर कुठल्या बोरीमागं दडलंय ते ती घरातून सांगते, पण हातातल्या मोबाईलवर तिला फक्त उजेड दिसतो. "लांबचं समदं माझं," ती म्हणते, "जवळचं तुमचं तुमी बघा."

नात अंजू दहावीत. कुस्ती खेळते, मॅटवरची. कुस्त्यांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच, त्यामुळं आई-बापानं तिची एकही कुस्ती पाहिलेली नाही. पाहिली ती फक्त साखराबाईनं. शेळ्या शेजारच्या कौसल्याबाईच्या गळ्यात टाकून ती तालुक्याला गेली, बीडला गेली, गर्दीत पुढं घुसून बसली. अंजू मॅटवर पाय ठेवायच्या आधी एकदा लोकांत नजर फिरवायची, आजीचा हिरवा पदर दिसला की मग वाकायची. आणि साखराबाईच्या मनानं एक गोष्ट घट्ट धरलेली, की आपण बघत असलो तर पोरगी पडत नाही. एकदाच ती बघत नव्हती, पाणी प्यायला उठली होती. अंजू तेवढ्यात चीत झाली.

या खेपेला कुस्त्या नागपूरला होत्या. एवढ्या लांब जाणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. निघताना अंजूनं विचारलं, "आजे, तू नसशील तर मी बघू कुणाकडं?"

"कॅमेऱ्याकडं बघ," साखराबाई म्हणाली. "त्याच्या दुसऱ्या टोकाला मी हाय. घरातला टीव्ही काय नुसता पुसायला ठेवलाय व्हय?"

कुस्त्या एका ॲपवर दिसणार होत्या आणि ते ॲप रामहरीच्या टीव्हीत होतं. गेल्या साली त्यावर कुस्त्यांचं कुठलंसं मैदान सगळ्यांनी बघितलं होतं. त्यामुळं साखराबाई निर्धास्त होती. त्या दिवशी तिनं शेळ्या सोडल्या नाहीत, वाड्यातच सुबाभळीचा पाला टाकला, आणि जेवण उरकून टीव्हीसमोर पोतं अंथरलं. शेजारची कौसल्याबाई डाळ निवडायचं सूप घेऊन आली. रिमोट लखनच्या हातात, कारण इंटरनेट त्याच्या मोबाईलचं होतं. लखन वस्तीतलाच, धारूरला अकरावीत शिकतो. तो गावातल्या कुणाचाही आवाज काढतो, म्हणून त्याला सगळं येतं असा लोकांचा समज आहे, आणि तो समज त्यानं कधी मोडला नाही.

ॲप उघडलं. पडदा निळा झाला आणि त्यावर दोन ओळी आल्या.

"काय म्हणतोय?" साखराबाईनं विचारलं.

"जुनं झालंय म्हणतोय. नवीन टाका, मंग चालंल."

"मंग टाक."

लखननं बटण दाबलं. टीव्ही म्हणाला, जागा नाही.

"जागा कावून न्हाई? सारा पडदा मोकळा हाय की," कौसल्याबाई म्हणाली.

लखननं पोटभर हसून घेतलं, मग रामहरीनं भरलेली सिनेमांची दोन ॲपं आणि अंजूच्या धाकट्या भावाचा, नाथाचा, मोटारींचा खेळ काढून टाकला. नाथा शाळेत होता, त्यामुळं रडारड संध्याकाळवर गेली. आता जागा झाली. नवीन ॲप कुठून घ्यायचं ते दुकान उघडलं, ॲप दिसलं, लखननं "टाका"वर बोट ठेवलं आणि पडद्यावर चार रिकामे चौकोन उभे राहिले.

लखनचं हसू जागच्या जागी राहिलं. "साखरामाय, कुलूप हाय ह्याला."

"कसलं कुलूप?"

"नंबराचं. रामहरीदादानं घातलंय. चार आकडे टाकल्याबिगर नवं काही घेऊ देत न्हाई."

साखराबाईला आठवलं. गाडी जुंपून दारात उभी होती, सून पोरांच्या गालावरून हात फिरवीत होती, आणि रामहरी आत टीव्हीपुढं उकिडवा बसून काहीतरी करीत होता. नाथानं दिवसभर खेळ भरू नयेत, अभ्यास करावा, म्हणून. तिनं तेव्हा विचारलंही होतं, नंबर काय घातलास? तो म्हणाला होता, "सांगितला तर कुलूप कशाला, आई?"

मोबाईल वाजला. नागपूरहून, अंजूसोबत गेलेल्या धनश्री मॅडमचा संदेश. अंजूच्या गटाच्या कुस्त्या सुरू झाल्या होत्या. तिच्या आधी सहा जोड्या.

"रामहरीला लाव फोन," साखराबाई म्हणाली.

रामहरीचा फोन बंद. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, वीज नसते, फोन संध्याकाळी मुकादमाच्या खोलीवर चार्जिंगला लागतो. मग मुकादम बबनरावांना फोन. त्यांचा आवाज लखन आता जत्रेत काढतो, इतका तो त्याच्या कानात बसला: "हां, बोला बोला. कोण, रामहरी? गाडी भरून कारखान्यावर गेला की. आता कसा सापडंल? अड्ड्यात शंभर गाड्या उभ्या. रातच्याला आला की देतो निरोप. हां. ठेवा, ठेवा."

मग टीव्हीच्या कंपनीला. तिकडून एक बाई मधाळ आवाजात हिंदीतून म्हणत राहिली की आपका कॉल हमारे लिए बहुत महत्वपूर्ण है. कौसल्याबाई म्हणाली, "लई गोड बोलती. कुणाची हाय?" मग तेलगावच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला. तो म्हणाला, कुलपाचं काम फोनवर होत नाही, टीव्ही घेऊन या. लखननं आपल्या मोबाईलचा पडदा टीव्हीवर चढवून पाहिला. एक गोल फिरला, फिरला आणि गप झाला.

"तुझ्याच मोबाईलवर लाव की मंग," कौसल्याबाई म्हणाली.

लखननं लावलं आणि मोबाईल साखराबाईच्या डोळ्यांपुढं धरला. तिनं मान मागं नेली, आणखी मागं नेली, शेवटी हात लांब करून धरला. "दोन मुंग्या हायत," ती म्हणाली. "त्यातली माझी कोणती?"

कुणी हसलं नाही. वाड्यातल्या शेळ्या पाला संपवून आता ओरडायला लागल्या होत्या.

लखननं एक, दोन, तीन, चार टाकलं. चूक. अंजूचं जन्मसाल टाकलं. चूक. आणि पडदा लाल झाला. लखननं वाचलं, पण पटकन सांगेना.

"बोल की रे," साखराबाई म्हणाली.

"आता एकच डाव उरलाय. चुकला तर तासभर काहीच टाकू देणार न्हाई."

"आन कुस्ती?"

"तासाभरात होऊन जाईल."

साखराबाई उठून उभी राहिली. गुडघा वाजला. ती दारापर्यंत गेली, परत आली. कौसल्याबाई सूप पाखडायची थांबली होती. नागपूरचा संदेश आला, चार जोड्या उरल्या.

इथं लखनच्या डोक्यात ते आलं. "साखरामाय, एक उपाय हाय. सगळं पुसून टाकतो. टीव्ही दुकानातून आणला तसा कोरा होतो. कुलूपबी जातं."

"किती येळ लागतो?"

"लागंल जरा. मंग रामहरीदादाचं खातं पुन्हा टाकावं लागंल."

"त्याचा नंबर ठाव हाय तुला?"

"त्याला पासवर्ड असतो."

"तो ठाव हाय?"

लखननं नकाराची मान हलवली. पण बोट बटणावर होतंच, कारण काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं दिसतं. पडद्यावर टीव्ही विचारत होता: नक्की पुसायचं का? आणि त्या क्षणी काठी सणकन आली आणि रिमोट आणि टीव्ही यांच्यामध्ये आडवी थांबली. लखनच्या नाकापासून बोटभर लांब.

"खाली ठेव ते," साखराबाई म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. "एक कुलूप निघंना म्हणून घर पाडतोस व्हय? निस्तं बटण दाबायचं म्हणून दाबू नको."

हाच तो फटका. एवढाच.

लखनला राग आला. सगळ्या वस्तीत त्याला कुणी असं बोलत नाही. तो म्हणाला, "मंग तुमीच काढा नंबर. दहा हजार नंबर असतात चार आकड्यांचे. तुमी एका डावात काढला तर मी आठवडाभर तुमच्या शेळ्या वळीन."

"आठवडाभर," साखराबाई म्हणाली. "कौसल्या, ऐकलंस?"

"ऐकलं बाई."

साखराबाई पोत्यावर बसली आणि काठी मांडीवर आडवी घेतली. तिला टीव्हीतलं काही कळत नव्हतं, आकडा लिहून दाखवला असता तर वाचताही आला नसता. तिला कळत होता तो फक्त रामहरी. पोरगा विसरभोळा. स्वतःच्या लग्नाची तारीख सुनेला विचारतो. मोबाईलचा नंबर पाठ नाही. असल्या माणसानं सहा महिन्यांनी परत येऊन आठवावा असा कुठला नंबर घातला असेल?

"गाडीचा," ती म्हणाली.

"मोटारसायकलचा?"

"न्हाई रे. बैलगाडीचा. कारखान्याचा. उसाच्या प्रत्येक खेपेला सांगावा लागतो तो."

कौसल्याबाईनं मान हलवली. तीही तोडीला गेलेली. गाडीला कारखाना नंबर देतो, तो पाटीवर रंगवतात, आणि वजनकाट्यावर गाडी न्यायची वेळ आली की कर्ण्यावरून तो नंबर पुकारतात. फडात माणसाला नावानं कमी आणि त्या नंबरानं जास्त ओळखतात. "पण साखराबाई, नंबर दर साली नवा मिळतो. औंदाचा तर कुलूप घालताना मिळालाच नव्हता."

"म्हणूनच गेल्या सालचा असणार. तोच डोक्यात होता त्याच्या."

"पण गेल्या साली तुमी कुठं गेलत्या तोडीला?" लखन म्हणाला. "पोरांपाशी घरीच होत्या. तुमाला तो कसा ठाव?"

गेल्या साली रामहरी संध्याकाळी कारखान्याच्या अड्ड्यात गाडी लावून रांगेत उभा असायचा, तेव्हा फोन करायचा. दिवसात तेवढीच फुरसत. ती विचारायची, जेवलास का. तो विचारायचा, पोरं कशी हायत. ती कुठं सांगायला लागायची, अंजूनं आज काय केलं, नाथाला ताप होता का, की मागून तो कर्णा खरखरायचा, नंबर पुकारायचा, आणि रामहरी म्हणायचा, "ठेवतो आई. आपला नंबर आला." रोज. तिचं वाक्य अर्ध्यात. त्या कर्ण्यावरच्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला दिलेल्या शिव्या अख्ख्या हंगामाच्या होत्या.

"ठाव हाय," ती म्हणाली. "एकतीस आन चौसष्ट."

लखननं रिमोट उचलला.

"थांब." तिचा हात वर झाला. "आधी एकतीस का आधी चौसष्ट?"

आता तिलाच खात्री वाटेना. ती ओठ हलवून दोन्ही म्हणून बघत होती. एकतीस चौसष्ट. चौसष्ट एकतीस. म्हणेल तसं दोन्ही खरं वाटत होतं. मोबाईल वाजला. अंजूच्या आधी फक्त एक जोडी.

"कोणतंबी टाका," कौसल्याबाई म्हणाली, "न्हाईतर तसंबी जातंय."

"न्हाई." साखराबाई लखनकडं वळली. "तू त्या काट्यावरच्या माणसाचं सोंग करतोस ना? गणपतीत केलतंस ते. कर."

"आता?"

"आता. आन नीट कर, गणपतीतल्यावानी हसवायला नको."

लखन चौथीपर्यंत आई-बापासंगं तोडीवर होता, तो आवाज त्याच्या हाडात आहे. पण जीव खाली-वर होत असताना सोंग करायची पाळी त्याच्यावर आजवर आली नव्हती. त्यानं तोंडाशी सूप धरलं, कौसल्याबाईची डाळ जमिनीवर सांडली, आणि त्यानं आधी खरखर काढली, मग ती शिट्टी, मग नाकातून, झोपेतून उठवलेल्या माणसासारखं: "गाडी नंबर चौसष्ट एकतीस. चौसष्ट एकतीस. पुढं घ्या."

साखराबाई डोळे मिटून बसली होती. चेहऱ्यावर काही हललं नाही. "दुसरं कर."

खरखर. शिट्टी. "गाडी नंबर एकतीस चौसष्ट. एकतीस चौसष्ट. पुढं..."

"मेल्या, दम धर की जरा," साखराबाई म्हणाली.

तिनं डोळे उघडले. ती लखनला बोलली नव्हती. तिचा उजवा हात कानाशी होता, त्यात फोन नव्हता.

"हेच," ती म्हणाली. "टाक."

लखननं तीन टाकला. एक टाकला. सहा टाकताना बोट सरकलं आणि पाचावर गेलं, ते त्यानं पुसलं, आणि या वेळी साखराबाईनं काठीला हातही लावला नाही, नुसतं त्याच्या बोटाकडं बघत राहिली. सहा. चार. पडदा काळा झाला, इतका वेळ काळा राहिला की कौसल्याबाईनं "गेला" म्हटलं, आणि मग त्या काळ्यात एक बारीक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडं निघाली.

रेघ निम्म्यावर येऊन थांबली. लखन मोबाईल घेऊन ओट्यावर धावला, मग जात्यावर चढला, मग हात उंच करून तिथंच उभा राहिला, कारण तिथं रेंजच्या दोन काड्या जास्त मिळत होत्या. आतून कौसल्याबाई ओरडून सांगत होती, "सरकली. थांबली. सरकली." त्यामुळं कुस्ती सुरू झाली तेव्हा लखन जात्यावर उभा होता, आणि टीव्ही त्याला दारातून तिरपा, अर्धाच दिसत होता.

चित्र आलं तेव्हा पहिली फेरी संपत आली होती. लाल पोशाखातली अंजू चार गुणांनी मागं होती. साखराबाई पडद्याजवळ गेली नाही, उलट मागं सरकून भिंतीला टेकली, तिथून तिला स्वच्छ दिसत होतं. दोन फेऱ्यांमधल्या विसाव्यात अंजू कोपऱ्यात बसली, तोंड पुसलं, आणि मान उचलून कॅमेरा कुठं आहे ते शोधलं. सापडल्यावर सरळ त्यात बघितलं. साखराबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला.

अंजूनं दुसऱ्या फेरीत पाय धरून पट काढला, दोन गुण घेतले, आणखी एक घेतला. मग वेळ संपला. एका गुणानं हरली.

साखराबाई रिकाम्या मॅटकडं बघत होती. ती बघत होती, आणि तरी पोरगी हरली होती. कौसल्याबाई खाली वाकून डाळ गोळा करायला लागली.

संध्याकाळी फोन आला. अंजूचा आवाज बसलेला. "आजे, खरं सांग. दिसलं का तुला?"

"दिसलं."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस."

"मंग ऐक. डावा पाय मागं ठेवून उभी राहिलीस, कावून? एवढं सांगितलं तुला. आन पट काढल्यावर मान खाली का घातलीस? तिथंच ती निसटली. केसाची पिन सुटलती, ती तोंडानं धरलीस. पंचानं टाकायला लावली."

मग अंजू हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि साखराबाईनं ते दोन्ही ऐकून घेतलं. फोनमागं कुठलाही कर्णा वाजला नाही. अंजू म्हणाली, तिसऱ्या नंबरासाठी उद्या आणखी एक कुस्ती आहे, दुपारीच.

"हाय मी," साखराबाई म्हणाली.

फोन ठेवून ती लखनकडं वळली. शेळ्या वाड्यात अजून ओरडत होत्या. "दोन दिस कोंडून ठेवता येत न्हाईत त्या. आन उद्या मला टीव्ही सोडता येत न्हाई. म्हणूनच पैज घेतली मी. न्हाईतर माझ्या शेळ्या तुझ्या हातात दिल्या असत्या व्हय?"

"पण इंटरनेट माझ्या मोबाईलचं हाय," लखन म्हणाला. हे आपलं शेवटचं हत्यार आहे असं त्याला वाटलं होतं.

"मोबाईल ठेवून जा. जात्यावर."

तर दुसऱ्या दिवशी कुस्ती झाली तेव्हा लखन समोरच्या डोंगरावर होता, मोबाईलशिवाय, ज्या ज्या आवाजांच्या जिवावर तो मिरवतो त्यातला एकही शेळ्या ऐकत नाहीत हे शिकत. वस्ती खाली काड्यापेटीएवढी दिसत होती. दुपार कलली. मग ओट्यावर एक हिरवा ठिपका आला आणि हाक आली, आणि डोंगरावरच्या सगळ्या शेळ्यांनी खाणं थांबवलं.

"लखन्याऽऽ. तिसरी आलीऽऽ."

लखननं दोन्ही हात वर केले आणि उडी मारली. ती त्याला तिथून दिसणारच होती.

"नाचू नकोऽऽ. काळी पाट शेळी बोरीमागनं पलीकडं उतरलीऽऽ. तिला वळव आधी. आन उद्या लवकर ये. आठवडा म्हणलतासऽऽ."